एकेचाळीस नंबरचं रिकामं चित्र

१

बघण्याचीही नोकरी असते, हे ताईच्या सासूला मरेपर्यंत पटलं नाही. “बसून बघायचं? एवढंच? मग मलाही लावा की तिथं,” असं ती येईल-जाईल त्याला ऐकवायची. पण नोकरी खरीच होती. टीव्ही-मोबाईलचे पडदे बनवणाऱ्या एका कारखान्याची ती तपासणी-कचेरी. लांबलचक हॉल, पुठ्ठ्याच्या आडोशांनी केलेले दहा कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक पडदा, एक खुर्ची आणि दोन बटणं. हिरवं म्हणजे ‘आहे’, काळं म्हणजे ‘नाही’.

एकेक चित्र सात पायऱ्यांनी दाखवायचे. पहिल्या पायरीला चित्र कसलं, आडवे सोळा जाडजूड ठोकळे नुसते. दुसरीला बत्तीस, तिसरीला चौसष्ट, असं करत सातवीला सगळं लख्ख. चित्रात कुठेतरी एखादी वस्तू असे. छत्री, किल्ल्यांचा जुडगा, खुर्चीखालची मांजर, दाराआडचा माणूस. दिसली की हिरवं दाबायचं आणि दिसली तिथे पडद्यावर बोट टेकवायचं. बोटाची खूण यंत्रात राहायची. किती ठोकळ्यांत माणसाच्या डोळ्याला वस्तू सापडते, एवढं एकच कारखान्याला हवं असायचं, आणि उत्तर दर वेळी तेच निघायचं: ठोकळे जितके बारीक, तितकी वस्तू लवकर सापडते. आलेख नेहमी चढता. ताई अकरा वर्षं तिथे होती आणि उतरता आलेख तिने एकदाही पाहिला नव्हता.

दहा बघ्यांमध्ये उगाच हिरवं दाबणारे बहाद्दर असतातच. त्यांना पकडायला मधूनमधून रिकामी चित्रं घालायची, ज्यांत काहीच नाही. ती जमवायचं काम ताईचं. रिकामं चित्र सातव्या पायरीला दोघांनी डोळ्यांत तेल घालून तपासायचं आणि सही करायची, असा नियम होता. खालच्या पायऱ्यांवर कुणी तपासत नसे. कशाला तपासतील? जे लख्ख चित्रात नाही, ते अंधुकात कुठून येणार?

त्या महिन्यात जुनी रिकामी चित्रं बघ्यांना पाठ झाली. “हा तोच जिना, ताई, आता ह्याला तरी सुट्टी द्या,” असं म्हणायला लागले. नवी चित्रं आणायला वेळ नव्हता. मग शनिवारी दुपारी नवरा नि मुलगी बाहेर गेलेली असताना ताईने आपल्याच घराचे आठ-दहा फोटो काढले. ओटा, बाल्कनी, बाथरूमपर्यंत जाणारा अरुंद पॅसेज. पॅसेजला नंबर मिळाला एकेचाळीस. दोन सह्या झाल्या, त्यातली एक तिची.

२

“ताई, तुमच्या चित्राने आमचा आलेख उलटा टांगलाय,” यंत्रवाला म्हणाला. यंत्रं सांभाळणारा म्हणून यंत्रवाला. त्याला प्रत्येक गोष्टीत विनोद दिसायचा. “बघा तरी एकदा.”

एकेचाळीस नंबरवर दुसऱ्या पायरीला दहापैकी नऊ जणांनी हिरवं दाबलं होतं. तिसरीला सहा, चौथीला एक, आणि पाचवीपासून सगळ्यांनी काळं. म्हणजे चित्र जसजसं साफ होत गेलं, तसतसं माणसांना दिसणं बंद होत गेलं.

“खिडकीच्या पडद्याची सावली असेल,” ताई म्हणाली. “नाहीतर दाराची चौकट. ढगात हत्ती दिसतो की नाही? तसंच.”

“हत्ती दिसतो हो. पण नऊ जणांना एकाच जागी?” त्याने खुणा उघडून दाखवल्या. नऊ बोटं. पॅसेजच्या मधोमध, नखाएवढ्या जागेत.

ताई टपालकाकांकडे गेली. काका सगळ्यात जुने बघे. चाळीस वर्षं टपालाची छाटणी केलेले, आणि त्यांच्याइतकी नजर त्या हॉलमध्ये कुणाचीच नव्हती. ते डबा उघडून बसले होते.

“काका, एकेचाळीसमध्ये काय दिसलं?”

“कोण उभं आहे ते मला काय ठाऊक? घर तुमच्या कुणाच्या ओळखीचं असेल तर तुम्हीच सांगा.”

“माणूस आहे?”

काकांनी घास खाली ठेवला. “उभं आहे एवढं खरं. माणूस म्हणायला जरा उंच आहे. डोकं पार चौकटीला लागलंय.”

“पण सातव्या पायरीला कुणीच नाही, काका.”

“नाही खरं,” काका म्हणाले. “ओल्या पत्त्याचं असंच असतं बघा. शाई पसरलेली असली की निरखून बघायचं नाही. डोळे बारीक करायचे नि सोडून द्यायचं, मग गाव दिसतं. निरखून बघणाऱ्याला नुसते डाग दिसतात.”

ताई हसली आणि जागेवर आली. पण घर कुणाचं ते तिने सांगितलं नाही, आणि का नाही सांगितलं, ह्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

३

तिच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत. आठ वर्षांची पोर, पण पॅसेजमधून जाताना भिंतीला अशी चिकटून जायची की बापाने तिचं बारसंच नव्याने केलं. “आली बघा मुंगी, भिंतीचा चुना खात,” असं म्हणायचा. तो बसचालक होता. दिवसभर लोकांवर खेकसायचा आणि घरी आला की लेकीपुढे लोणी व्हायचा.

त्या दिवशी संध्याकाळी ताईने पहिल्यांदा नीट पाहिलं. मुंगी खोलीतून निघाली, डाव्या भिंतीला पाठ लावली, पोट आत ओढलं आणि टप टप टप पावलं टाकत बाथरूमपाशी आली. तिथे ती सरळ झाली. गर्दीत कुणाला धक्का लागू नये म्हणून आपण चालतो ना, अगदी तशी ती चालत होती. पॅसेज मोकळा होता.

“मुंगे, अशी का गं जातेस?”

“मधे असतं ना.”

“काय असतं?”

“ते.” पोरीने एवढ्या सहज सांगितलं, जणू कपाट मधे आहे म्हणून सांगतेय. “तुला नाही दिसत?”

“कसं आहे ते?”

“धुरकट. मला सगळंच धुरकट दिसतं, ते जरा जास्त. काही करत नाही, आई. फक्त त्याला लागायचं नाही.”

“कुणी सांगितलं लागायचं नाही म्हणून?”

मुंगीने खांदे उडवले. “ते वाटच बघत असतं कुणीतरी लागायची.”

ताईच्या हातातलं पातेलं खाली गेलं. नवरा आतून ओरडला, “फुटलं काय?” स्टीलचं पातेलं कसं फुटेल, पण तिने ‘नाही’ म्हणून उत्तर दिलं. मग ती पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून चष्म्यातून बघत राहिली. तिचा स्वतःचा चष्मा जाड, बाटलीच्या बुडासारखा. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशाशी जायचा आणि रात्री दिवा मालवल्यावरच चष्मा उतरायचा. तिला समोर भिंत दिसली, भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला, लटकलेला टॉवेल दिसला. बाकी काही नव्हतं.

शाळेची चिठ्ठी आठ दिवस फ्रीजवर चिकटवलेली होती. मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्यावेत.

४

माणसाला शंका आली की ती खरी करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ताई तर पोटासाठीच तपासणी करणारी बाई. तिने घराच्या प्रत्येक खोलीचे फोटो काढले. सकाळी, दुपारी, पडदे लावून, पडदे उघडून. सगळे रिकामी चित्रं म्हणून घातले. बाकी खोल्यांना, एक चित्र सोडलं तर, दहाच्या दहा काळी बटणं आली. पॅसेजला दर वेळी आठ-नऊ हिरवी. आणि त्या एका चित्राला सगळी दहा. ते मुंगीच्या पलंगाचं होतं, रविवारी सकाळी काढलेलं. बोटांच्या खुणा पलंगाच्या पायथ्याशी पडल्या होत्या.

यंत्रवाल्याने ठोकळे आकड्यांत उघडले. “हे बघा, ताई. बोटं आहेत तो ठोकळा आणि शेजारचा ठोकळा. उजेड तोच, रंग तोच. आकडा म्हणतो भिंत आहे.”

“मग ह्यांना काय दिसतं?”

“भित्यापाठी ब्रह्मराक्षस,” तो म्हणाला, पण ह्या वेळी हसला नाही. दुसऱ्या पायरीचं चित्र त्याने पडद्यावरून लगेच काढून टाकलं, हे ताईच्या नजरेतून सुटलं नाही.

घरी येताना तिने विचार केला, आणि विचार चांगला शहाणपणाचा होता, तेच तर दुर्दैव. अकरा वर्षांत तिने हजारो चित्रं पायरीपायरीने साफ होताना पाहिली होती. अंधुकात लोकांना कुत्रा दिसायचा आणि शेवटी निघायची उशी. अंधुकात माणूस दिसायचा, निघायचा कोट. शेवटची पायरी सांगते तेच खरं, खालच्या पायऱ्या म्हणजे नुसते अंदाज. मग पोरीला शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवलं की झालं. लख्ख दिसलं की ते जाईल. जाईल म्हणजे नसेलच.

“उद्या हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते,” तिने नवऱ्याला सांगितलं.

“महिनाभर मी काय सांगतोय?” तो म्हणाला. “दिव्याखाली अंधार असं झालंय तुझं, दहा जणांचे डोळे तपासतेस आणि पोटच्या पोरीचे राहिले.”

मुंगी मात्र रडली. “नको आई, चष्मा नको. मग मला कळणार कसं?”

“काय कळणार कसं?”

“ते कुठंय ते.”

ताईने तिला जवळ घेतलं. “चष्मा लावलास की ते नसणारच आहे, राजा. आईचं ऐक.”

आणि पोरीने आईचं ऐकलं. आठ वर्षांची पोर, ती आईचं नाही ऐकणार तर कुणाचं?

५

चष्मा आला त्या दुपारी मुंगी रस्ताभर बडबडत होती. दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होती, समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजत होती. “आई, तुझ्या नाकावर तीळ आहे!” तिने एवढ्या जोरात सांगितलं की रस्त्यावरची दोन माणसं वळून ताईच्या नाकाकडे बघायला लागली. इतकी हसली ताई त्या दिवशी.

घरी आल्यावर मुंगी पॅसेजच्या तोंडाशी थांबली. मान इकडे केली, तिकडे केली.

“नाहीये,” ती म्हणाली. “आई, ते खरंच नाहीये.”

“मी काय सांगितलं होतं? जा आता, हातपाय धू. मधून चाल, सरळ.”

मुंगी मधून निघाली. तिची टप टप अर्ध्यावर आली आणि थांबली. ती ताईकडे पाठ करून उभी होती. किती वेळ? एक-दोन-तीन म्हणण्याइतका. ताईला वाटलं, चपलेत पाय अडकला असेल. पण मुंगी अनवाणी होती.

“काय गं?”

“काही नाही,” मुंगी म्हणाली आणि पुढे गेली. पावलं सावकाश पडत होती, एकसारखी, मापून टाकल्यासारखी.

संध्याकाळी बाप म्हणाला, “आता हिला मुंगी कसं म्हणायचं? बघ कशी मधोमध चालतेय, कलेक्टरसारखी!” सगळे हसले. मुंगीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

ताईने दुसऱ्याच दिवशी पॅसेजचा फोटो काढला. मग मुंगी दप्तर घेऊन तिथे आली तेव्हा तिचाही एक काढला, नव्या चष्म्यातला. दोन्ही कचेरीच्या यंत्रात गेले.

रिकाम्या पॅसेजला सातही पायऱ्यांवर दहाच्या दहा काळी बटणं. ताईने हॉलभर चहा-बिस्किटं वाटली. गेल्या महिनाभराचं ओझं उतरलं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून बिस्किटं वाटली.

६

चार वाजता टपालकाका तिच्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“ताई, ती चष्म्यातली मुलगी तुमची?”

“हो. कशी आहे?” तिने हसत विचारलं. “तिचं चित्र चुकून गेलं तुमच्यात. पण आलेख सरळ आलाय. दुसऱ्या पायरीलाच सगळ्यांना सापडली.”

“नाही सापडली,” काका म्हणाले.

“काका, सगळ्यांनी हिरवं दाबलंय.”

“दाबलं. कुणीतरी होतं म्हणून दाबलं. पण ती मुलगी नव्हती. ते आधीचंच होतं, ते एकेचाळीसमधलं. मला वाटलं, मुलगी त्याच्या बाजूला असेल, पुढच्या पायरीला दिसेल. पण चित्र साफ होत गेलं तसं त्याच्यातूनच मुलगी निघाली.” त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “खुणा बघा तुम्ही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. खुणा बघा.”

तिने खुणा उघडल्या. सातव्या पायरीला दहा बोटं मुंगीच्या चेहऱ्यावर, दाराच्या कडीच्या उंचीला. तिथेच असायला हवीत. मग दुसरी पायरी. तिथे नऊ बोटं चौकटीच्या वर टेकलेली, छताच्या जवळ. मुंगीने हात वर केला तरी पोचणार नाही एवढ्या वर.

दहावं बोट एकटंच होतं. खाली, डाव्या भिंतीला लागून.

“हे चुकलं असेल कुणाचं तरी,” ताई म्हणाली. आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा निघाला.

“ते माझं आहे,” काका म्हणाले. “एका पायरीला एकदाच बोट टेकवायची परवानगी असते ना. सगळ्यांनी मोठं बघितलं. मला आधी ते छोटं दिसलं. भिंतीला पाठ लावून उभं होतं, ताई. पोट आत ओढून.”

७

ती घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मुंगी टेबलापाशी बसून गृहपाठ करत होती. पॅसेज तिच्या मागेच. अक्षर सुबक येत होतं. पूर्वी कोंबडीचे पाय काढायची.

“चष्मा दे बरं बाळा, पुसून देते.”

“नको. स्वच्छ आहे.”

“दे म्हटलं ना.”

मुंगीने मान वर केली आणि आईकडे बघितलं. चेहरा तोच. कपाळावरचा पाळण्यातून पडल्याचा व्रण तोच. ताईला एक क्षण वाटलं, आपल्याला वेड लागलंय, दृष्टीआड सृष्टी म्हणतात ते खोटं नाही, नसतं बघायला गेलं नसतं तर सुखात असतो. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे गेला.

“आई,” मुंगी म्हणाली, “तू तुझा काढू नकोस हं.”

“का?”

“उगाच. रडशील.”

ताईने चष्मा काढला.

टेबल विरघळलं. खिडकी म्हणजे एक पांढरा ठोकळा झाली. खुर्चीवर जे होतं ते खुर्चीपासून सुरू होऊन वरपर्यंत गेलेलं होतं आणि छतापाशी जरा वाकलेलं. त्याच्याकडे तिने फार बघितलं नाही, कारण मागे पॅसेजमध्ये, डाव्या भिंतीला, काहीतरी छोटं होतं. निळसर. चष्मा लावला त्या दुपारी मुंगीने निळाच फ्रॉक घातला होता. ते भिंतीवरून ताईच्या दिशेने सरकत होतं आणि अर्ध्यावर थांबत होतं. पुढे खुर्ची होती ना. त्याला लागायचं नव्हतं.

ताई धावली. काय वाटेत आहे, काय नाही, हे तिने पाहिलं नाही. तिने भिंतीपाशी गुडघे टेकून दोन्ही हात पुढे केले, आणि हाताला भिंत लागली, खरखरीत, ओलसर. तिने डोळे आणखी जवळ नेले. तिच्यासारखीचं हेच तर असतं, जवळ नेलं की साफ दिसतं. साफ दिसलं ते इतकंच, ओलीचा डाग आणि चुना.

ती तोंडात पदर कोंबून रडली. मागून कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत राहिला, सावकाश, एकसारखा.

त्याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर खूश आहेत, मुलीचा नंबर वाढलेला नाही. शाळाही खूश आहे. कचेरीतलं काम ताईने सोडलं. टपालकाकांनी फोन केले, तिने उचलले नाहीत. दुपारी मुलगी शाळेत असते तेव्हा ती चष्मा टेबलावर ठेवते आणि पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहते. फार जवळ जायचं नाही, फार निरखायचं नाही, डोळे बारीक करून सोडून द्यायचं. कधी कधी शेजारी काहीतरी निळसर येऊन थांबतं. पूर्वी रोज यायचं. हल्ली आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, आणि रंग उडत चाललाय.

परवा नवरा लवकर घरी आला आणि त्याने तिला तशी पाहिली, पाठ भिंतीला, पोट आत ओढलेलं, टप टप करत बाथरूमकडे जाताना. तो दारातच हसायला लागला.

“पोरगी सरळ चालायला लागली,” तो म्हणाला, “तर आता तू मुंगी झालीस होय?”